ओढ्याकडची वाट

आमच्या मामांना न खाकरता कुठे शिरता येत नसे. घर असो, गोठा असो, देऊळ असो की तालुक्याची बँक, पाऊल आत टाकण्याआधी ते उंबऱ्याशी थांबत, हनुवटी किंचित वर करत आणि घशातून असा काही आवाज काढत की आतला माणूस हातातलं काम टाकून वळून बघायचा. गावाने त्यांचं नावच खाकरमामा ठेवलं होतं. माझे ते सासरे, म्हणून मला नात्यानेच मामा. पण त्यांच्या गावात शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यामुळे जावई म्हणून माझ्या वाट्याला वेगळं असं काही उरलं नव्हतं.

मी शिरूर अनंतपाळचा. आमच्याकडे नजर जाईल तिथवर काळं रान, झाड शोधावं लागतं. मामा मला पाहायला पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा दारात असे काही खाकरले की माझे वडील पाण्याचा तांब्या घेऊन धावत सुटले. त्यांना वाटलं, पाहुण्याला ठसका लागला. मामांनी तांब्या घेतला, शांतपणे पाणी प्याले आणि म्हणाले, "ठसका न्हाई पाव्हणं. खबर दिली." मग चपला काढून आत आले. ते गेल्यावर आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलीलाही ही खोड आहे का रे? नव्हती. नाहीतर आमचं लग्न त्याच दिवशी मोडलं असतं.

पुढे माझं औषधांचं दुकान झालं. मामा लातूरकडे आले की दुकानात डोकावल्याशिवाय जात नसत. काउंटरपाशी येऊन ते खाकरले की बाकावरची गिऱ्हाइकं दचकून सरकत. मी एकदा जावयाच्या अधिकाराने त्यांच्या हातात खोकल्याची बाटली ठेवली. त्यांनी ती पिशवीत घातली, मला आशीर्वाद दिला आणि घरी नेऊन गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. पुढच्या वर्षी गेलो तर बाटली तिथेच होती, बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

या खाकरण्याचं मूळ मला कळलं ते लग्नानंतर त्यांच्या गावी राहायला गेलो तेव्हा. हिमायतनगरहून किनवटकडे जाताना रस्ता सोडून आत, जंगलाच्या काठाला त्यांचं गाव आहे. खालची शेतं ओढ्याला भिडतात आणि ओढ्यापलीकडे सागाचं जंगल सुरू होतं. मामांचे थोरले भाऊ किसनबापू तेव्हा हयात होते. त्यांना एकच डोळा होता आणि एका बाजूचा गाल ओठापासून कानापर्यंत आक्रसलेला. तरुणपणी ते तांबडं फुटायच्या वेळेला मोहाची फुलं वेचायला गेले होते. पायात काही नाही, वारा समोरून वाहत होता. झाडाखाली एक अस्वल मान खाली घालून फुलं खात होतं. त्याला यांची चाहूल लागली ती हे अगदी अंगाशी गेल्यावर. ते उठलं, आणि पुढचं सगळं किसनबापूंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी नवा जावई, तोंडाला लगाम नव्हता. विचारून बसलो, "बापू, त्या अस्वलाचा राग नाही येत?" किसनबापूंचे शब्द फाटक्या ओठांतून हवेसारखे निसटत. ते म्हणाले, "त्येच्या ताटापाशी म्या न सांगता गेलो. राग त्येला यायचा का मला?" मामा शेजारीच बसले होते, दुधात भाकरी कुस्करत. भावाला चावता येत नसे, म्हणून रोज दोन्ही वेळेला मामाच त्यांना भरवत. कुस्करता कुस्करता त्यांनी मान डोलावली. किसनबापू जाईपर्यंत त्या घरात मामांच्या आधी कुणी जेवत नसे, आणि मामा बापूंच्या आधी जेवत नसत.

यावरून कुणाला वाटेल की मामांना जंगली जनावरांचा लळा असेल. अजिबात नव्हता. रानडुकरांनी भुईमूग उकरला की ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून डुकरांच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत, आणि शेजारच्या शेतातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत. "मला काई त्येंचा लाड न्हाई जावईबापू," ते म्हणत, "मला भ्याव वाटतं. वाटायलाच पायजे. ज्येला भ्याव न्हाई, त्येच्यासंगं म्या रानात जात न्हाई." शिवी द्यायची ती धुऱ्यावरून, आणि जनावर आत असेल तर तोंड मिटून उभं राहायचं, हा त्यांचा कायदा होता.

गावाबाहेरच्या मारुतीपाशी वानरांची टोळी असते. सुट्टीत तालुक्याहून कॉलेजची पोरं येतात, बिस्किट पुढे करतात, वानराने हात केला की मागे घेतात, आणि हे सगळं मोबाइलवर टिपतात. एकदा आम्ही नारळ फोडायला गेलो होतो तेव्हा हाच खेळ चालला होता. मोठ्या हुप्प्याने दात दाखवले. पोरं ओरडली, "हसलं, हसलं!" मामा लांबूनच म्हणाले, "हसलं न्हाई ते बाबा. दात दाखवून राहिलं. हे हायत बघा माझ्यापाशी, असं सांगून राहिलं." पोरांनी म्हाताऱ्याकडे पाहून घेतलं आणि बिस्किट पुन्हा पुढे केलं. त्यानंतर जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मोबाइल पायरीवर पडला आणि पोराचा हात मनगटापासून वर फाटला. मी तो हात नळाखाली धरून साबणाने धुतला आणि त्याला इंजेक्शनसाठी दवाखान्यात पिटाळलं. मामा पायरीवर बसून राहिले होते. त्यांना त्या पोराचं वाईट वाटत होतं. "पयलं त्येनं सांगितलं, मंग हानलं," ते म्हणाले. "सारीच सांगतात. नाग फुसकारतो, डुक्कर दात कराकरा वाजवतं, अस्वल उभं राहतं. आपुन ऐकून घ्यायला थांबत न्हाई."

गावातल्या एका लग्नात हेच झालं. मांडवामागच्या पिंपळाला आग्या मोहोळ होतं. मांडव दुसरीकडे टाका, निदान फटाके तरी नकोत, असं मामा सकाळपासून सांगत फिरले. लग्नघरात कोण ऐकतो! वरातीतल्या कुणीतरी मोहोळाकडे तोंड करून रॉकेट सोडलं. नवरदेव घोड्यावरून उतरून गोठ्यात लपला, बँडवाल्यांचे ढोल रस्त्यात पडले. मामांनी घोंगड्या आणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेच्या खोलीत ढकललं आणि दारं लावून घेतली. स्वतः बाहेर राहिले, चेहरा सुजून भोपळा झाला. दुसऱ्या दिवशी ओठ हलत नव्हते तरी बोलायचे थांबले नाहीत. "डंख मारला की ती माशी मरती. ठाव हाय का? मरायला निघालेल्यासंगं भांडू न्हाई माणसानं." हे वाक्य मला त्या वेळी गमतीचं वाटलं होतं.

जनावरांना न डिवचणारा हा माणूस मामींना मात्र दिवसातून चारदा डिवचायचा. भाजीत मीठ बरोबर असलं तरी मीठ मागायचं, मामी टीव्ही बघत बसल्या की मुद्दाम समोरून जायचं. मामी चिडल्या की एक पाऊल मागे सरकून उंबऱ्यात उभे राहत आणि मला म्हणत, "बघा, मागची वाट मोकळी ठेवली हाय म्या." मामी लाटणं दाखवत. घर हसत असे. बालाजी तेवढा हसायचा नाही.

बालाजी हा मामांचा मुलगा, माझा मेहुणा. तो वडिलांना दादा म्हणत असे. कॉलेजात असताना बाजारात तो मामांच्या दहा पावलं मागे चालायचा, कारण मामा प्रत्येक दुकानापाशी खाकरत आणि ओळखीची पोरं याला चिडवत. पुढे शेती त्याच्या अंगावर आली तेव्हा चिडायला आणखी कारणं मिळाली. रानडुकरांनी त्याला पार जेरीस आणलं होतं. सोयाबीन शेंगांत आलं की एका रात्रीत निम्मं शेत नांगरल्यासारखं व्हायचं. तो मचाणावर जागल करून करून लाल डोळ्यांनी घरी यायचा आणि भाकरी हातात घेऊन बसल्या जागी झोपायचा. शेजारच्या गावात लोक तारेत वीज सोडत. मामांनी ते करू दिलं नाही आणि बालाजीने ऐकलं. पण मनातून त्याला पटलं नव्हतं.

बापलेकाच्या भांडणाचं मूळ होतं तूर कापायची मामांची रीत. शेताच्या वरच्या अंगाला गावचा रस्ता आणि खालच्या अंगाला ओढा. तूर माणसाच्या डोक्यावर जाते, दाट होते, आणि थंडीत दिवसा डुकरं त्यात येऊन झोपतात. मामा कापणी नेहमी रस्त्याकडून सुरू करत. आधी धुऱ्यावर उभे राहून खाकरायचं, मग तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचं, मग पहिला विळा. कापणाऱ्या बाया वरून खाली सरकत जात आणि आतलं जनावर आवाजाच्या पुढेपुढे सरकत ओढा ओलांडून निघून जाई. ओढ्याकडच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. तिथे जांभळीची गार सावली होती, तरी जेवणाची फडकी तिथे ठेवायची नाहीत. यावरून बाया कुरकुरत. गंगाबाई म्हणून सगळ्यांत जुनी कापणारीण होती, ती तोंडावर म्हणायची, "मामा, डुकराला सावली अन् आमाला ऊन!" मामा म्हणत, "सावली न्हाई, वाट हाय ती त्येची. त्येला वाट दिसली तर ते तुज्याकडं बघत बी न्हाई."

"तुमी वाट देऊन राहिले मूनच ती परत येऊन राहिली," बालाजी म्हणे. "एक डाव चारी बाजूनं कोंडली पायजेत." खरं सांगायचं तर मला बालाजीचंही पटायचं. ज्याचं पीक जातं त्याचा जीव जळणारच. मामा यावर एवढंच म्हणत, "कोंडलं मंजी ते आता तुला मारल्याबिगर जाणार न्हाई. मंग तू मोठा, का ते मोठं, हे बघायला म्या जित्ता राहणार न्हाई." असलं अभद्र ते एरवी बोलत नसत. एक ना एक दिवस या तुरीत कुणाचा तरी जीव जाईल, हे त्यांच्या मनात बसलं होतं.

ती संक्रांतीच्या आधीची गोष्ट. बायकोला, अनिताला, घेऊन मी सासरी गेलो होतो. तूर वाळून उभी होती. मामांचा डोळा दुखत होता म्हणून सकाळी मी त्यांना मोटारसायकलवर बसवून हिमायतनगरला डॉक्टरकडे नेलं. कापणी उद्या आहे, असं बालाजीने सांगितलं होतं. आम्ही दुपारी परतलो तर शेतापाशी रस्त्यावर गर्दी. गावातली पोरं काठ्या घेऊन उभी, कुत्री दोरीला हिसके देत होती, काहींनी मोबाइल वर धरले होते. मोटारसायकल थांबायच्या आत मामा उतरले.

बालाजीने कापणी सकाळीच सुरू केली होती, आणि तीही ओढ्याकडून. बाया खालून वर कापत आल्या होत्या. डुकराला जंगलाकडे जाऊ द्यायचं नाही, रस्त्यावर काढायचं आणि पोरांनी काठ्यांनी गाठायचं, असा बेत होता. आता शेताच्या वरच्या अंगाला तुरीचा एक तुकडा तेवढा उभा राहिला होता, आणि त्यात काहीतरी होतं. पाला हलत होता आणि दगडावर दगड घासावा तसा आवाज येत होता.

"दात वाजवून राहिलं," मामा म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रस्त्याकडे माणसं, कुत्री आणि गोंगाट. त्या जनावराच्या डोक्यात जंगलाची एकच दिशा होती, ओढ्याची, आणि त्या बाजूला विळे घेतलेल्या बाया होत्या. बालाजीची बायको सुरेखाही त्यांत होती.

"बालाजी, पोरं मागं घे! बाया खाली हायत!" मामा ओरडले. कुत्र्यांच्या भुंकण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. बालाजी बाजूच्या दुसऱ्या धुऱ्यावर, तुरीआड होता. मामा थांबले नाहीत. धुऱ्याधुऱ्याने, त्या वयात, जवळजवळ पळत ते खाली गेले. मी मागे होतो. "बाया, विळे टाका. धुऱ्यावर या. पळू नका, गुमान चाला," ते हाताने सांगत होते. गंगाबाईने ओळखलं आणि सगळ्यांना बाजूला घ्यायला सुरुवात केली. सुरेखा मात्र राहिली. तिने तुरीचा भला मोठा भारा डोक्यावर घेतला होता, तुकड्याकडे पाठ होती, आणि भाऱ्याच्या काड्या कानांवर आल्यामुळे तिला काही ऐकू येत नव्हतं.

मामा तिच्या आणि तुकड्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. तेवढ्यात तूर दुभंगली आणि डुकरीण बाहेर आली. तिच्या पायांत पिल्लं होती, पट्ट्यापट्ट्यांची, एवढीएवढीशी. मानेचे केस उभे होते. मामा खाकरले. आयुष्यभर जसे खाकरत तसेच, हनुवटी वर करून. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ती थांबली. तिने कान हलवले आणि मामांकडे पाहिलं. मामा तिच्याकडे तोंड ठेवून मागच्या पावलांनी बाजूला सरकू लागले आणि एका हाताने सुरेखाला सरकवू लागले. ओढ्याची वाट उघडत होती. आणखी थोडा वेळ मिळायला हवा होता.

तुरीआडून बालाजीने सुतळी बाँब लावून तुरीत फेकला. त्याला अलीकडचं काही दिसत नव्हतं. बाँब तिच्या मागेच फुटला. एक पिल्लू किंचाळलं आणि डुकरीण सरळ आली. मामांनी सुरेखाला ढकललं ते मला दिसलं. मग मामा खाली होते आणि ती त्यांच्यावर होती. पिल्लं ओढ्याकडे पळाली, तशी तीही वळली आणि त्यांच्यामागे जांभळीखालून निघून गेली. तिला मामांशी काही घेणं नव्हतं. तिला पिल्लांना घेऊन तिथून जायचं होतं.

नांदेडच्या दवाखान्यात कळलं की मांडीचा चावा भरून येईल, पण बरगड्या मोडल्या आहेत आणि एक फुफ्फुसात रुतली आहे. डॉक्टर तरुण होते, तेही दुसऱ्या दिवसापासून मामाच म्हणू लागले. ते म्हणाले, "मामा, खोकायला लागेल. कफ बाहेर पडला पाहिजे, नाहीतर छातीत साचेल." छातीशी उशी धरून खोकायला शिकवतात तसं त्यांनी शिकवलं. "खाकरा मामा, जोरात." मामा उशी कवटाळत, मान वर करत, डोळ्यांत पाणी येई आणि घशातून नुसती हवा निघे. मी औषधं विकणारा माणूस, कफ साचतो म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. अनिताला आत सगळं दिसत होतं, तरी तिच्यासमोर मला रडता येत नव्हतं.

बालाजी पायथ्याशी बसून असे, पण वडिलांच्या तोंडाकडे बघत नसे. एके दुपारी तो खाली बघूनच म्हणाला, "दादा, बाँब म्या लावला हुता."

मामांना बोलायला दम लागत होता. "ठाव हाय," ते म्हणाले. "तूर उंच हुती. तुला म्या दिसलो न्हाई." मग थोड्या वेळाने, "पिल्लं गेली का पल्याड?"

"गेली."

"बरं झालं. न्हाईतर माघारी आली असती ती. कुणावर बी."

बालाजी उठून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. तो विषय मामांनी नंतर कधी काढला नाही, टोमणासुद्धा मारला नाही. टोमणे मारण्यात हयात गेलेल्या माणसाने एवढं गप्प राहावं, हे बालाजीला शिव्यांपेक्षा जड गेलं असावं.

होळीच्या सुमारास मी पुन्हा गेलो तेव्हा मामा घरी आले होते. अंग निम्मं झालं होतं. घरात शिरताना उंबऱ्यापाशी थांबत, मान वर करत, आणि काही न होता तसेच आत येत. मामी चुलीपाशी पाठ करून बसत, त्यांना ते बघवत नसे. रोज सकाळी काठी टेकत ते शेतावर जात, पण धुऱ्यावर लिंबाखाली बसून राहत. शेतात उन्हाळी ज्वारी खांद्याला लागली होती. मामींनी मला सांगितलं, "जावई, इचारा तर, आत कामून जात न्हाईत. माझ्याशी बोलत न्हाईत."

मी जाऊन शेजारी बसलो. "मामा, चला की, ज्वारी बघू."

"कसा जाऊ?" ते म्हणाले. त्यांनी घशावर हात ठेवला. "आत कोण हाय, कोण न्हाई. न सांगता जायाचं का?"

बालाजी जवळच पाण्याचा पाइप जोडत होता. त्याच्या कानावर हे गेलं. त्याने पाइप खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि येऊन वडिलांच्या शेजारी उभा राहिला. आमच्या दोघांकडेही न बघता तो खाकरला. बारीकसा आवाज झाला, सभेत बोलायला उठलेला माणूस करतो तसा. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी खोडी दिसली.

"हे तर मांजरानं बी ऐकलं न्हाई," ते म्हणाले.

बालाजी पुन्हा खाकरला. मग आणखी एकदा, छाती फाटेल एवढ्याने, आणि त्या वेळी त्याचे डोळे वाहत होते. ज्वारीतून एक तित्तर फडफडत उडाला. मामांनी कनवटीची चंची काढली, तंबाखू हातावर घेतली आणि मळायला लागले. बोटांत जोर उरला नव्हता, त्यामुळे फार वेळ लागला. आम्ही दोघं थांबलो. मळून झाल्यावर त्यांनी ती बालाजीच्या हातावर ठेवली, त्याच्या खांद्याला धरलं आणि ज्वारीत शिरले. मी धुऱ्यावरच राहिलो. ज्वारीच्या वर बालाजीचं डोकं तेवढं दिसत होतं, हळूहळू ओढ्याकडे जाणारं.

पेरणीआधी मामा गेले. छाती भरत गेली आणि एका पहाटे थांबली. मला ते फार आठवतात. दुकानात कुणी खाकरलं की माझी मान अजूनही वर होते, आणि समोर कफाचं औषध मागणारं गिऱ्हाईक असतं.

यंदाच्या तुरीला मी मुद्दाम गेलो. बालाजीने कुत्री घरी बांधली होती. गंगाबाई होती, सुरेखा होती, आणि मागच्या खेपेला काठ्या घेऊन आलेल्या पोरांपैकी काही जण या वेळी विळे घेऊन आले होते. सगळे रस्त्याकडच्या धुऱ्यावर थांबले. बालाजी पुढे झाला आणि हनुवटी वर करून खाकरला. गंगाबाईने चटकन पदर डोळ्यांना लावला. बालाजी तंबाखू खात नाही. तरी त्याने मामांची चंची काढली, चिमूट हातावर घेऊन सावकाश मळली आणि धुऱ्यावर सोडून दिली. मग पहिला विळा लागला.

ऊन कलताना ओढ्याकडचा शेवटचा तुकडा राहिला. तिथे तुरीचे शेंडे हलले. ओढ्याच्या दिशेने एक रेघ हलत गेली, जांभळीखालचा वाळला पाला वाजला, आणि पलीकडे शांत झालं. विळे खाली धरून सगळे उभे होते. कुणीही मोबाइल काढला नाही.

"कोण हुतं?" सुरेखाने हळूच विचारलं.

"असंल कुणी बी," बालाजी म्हणाला. "गेलं."

मग तो वाकला, आणि आम्ही राहिलेली तूर कापली.